इंदुबाईच्या अंगणातली पावलं

इंदुबाईला राग यायची वेळ ठरलेली होती. संध्याकाळचे साडेसहा. सकाळी सातला कोणी पोर आणून सोडलं, डबा विसरलं, दुपट्याऐवजी टॉवेल दिला, तरी ती हसून घ्यायची. पण साडेसहाला ओट्यावर येऊन रस्त्याकडे तोंड करून बसली, की तिचं डोकं तापायला लागायचं. समोर नगर रस्ता. त्यावर खडीचे डंपर, पाण्याचे टँकर आणि कंपन्यांच्या पांढऱ्या बस, सगळे एकमेकांच्या पाठीला नाक लावून उभे. त्या बसमध्ये कुठेतरी तिच्याकडच्या अकरा पोरांच्या आया अडकलेल्या असायच्या. पाळणाघर सातला बंद होतं असं ती सांगायची आणि आठपर्यंत शिव्या देत उघडं ठेवायची. शिव्या आयांना नसत. मग कुणाला, असं नवऱ्याने, म्हणजे संपतने, एकदा विचारलं, तर म्हणाली, ज्यांनी हा रस्ता न बघता हजार घरं विकली त्यांना.

वाघोलीत केसनंद फाट्याच्या आत इंदुबाईचं घर होतं. चार खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, कोपऱ्यात कोंबड्यांचं खुराडं. बाकी सगळं रान दोन हजार पाच साली बिल्डरला गेलं आणि त्यावर बारा बारा मजल्यांच्या तीन इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या रंगीत पत्रकावर छापलं होतं, विमानतळ पंधरा मिनिटांवर, आयटी पार्क पंचवीस मिनिटांवर. कोणत्या साली मोजलेली मिनिटं ते छापलं नव्हतं. ती पत्रकं वाचून यवतमाळ, वाशीम, अमरावतीकडची शिकलेली पोरं-पोरी इथे राहायला आली. त्यांतल्या कित्येकांची नोकरी हिंजवडीला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जायला दोन तास, यायला दोन तास. माणसं इथे राहतात असं म्हणायची पद्धत होती. खरं तर इथे ती फक्त झोपायला यायची, आणि पोरं इंदुबाईकडे राहायची.

पाळणाघर तिने ठरवून काढलं नव्हतं. सातव्या मजल्यावरची एक मुलगी एके दिवशी रडवेली होऊन दारात आली, कामवाली आली नाही, फक्त आजचा दिवस बाळ सांभाळाल का म्हणाली. त्या एका दिवसाची सहा वर्षं झाली. दारावर पाटी नव्हती, पोरं मात्र येतच राहिली.

या पाळणाघरात इंदुबाईचा एक नियम होता, आणि तो तिने कुणालाच सांगितलेला नव्हता. पोराने पहिलं पाऊल टाकलेलं ती त्याच्या आईला सांगत नसे.

त्याला कारण होतं. तिचा रविराज पहिल्यांदा चालला तेव्हा ती रानात कांद्याच्या लागणीला वाकलेली होती. दिवे लागायच्या वेळी घरी आली तर सासूने गल्लीभर गूळखोबरं वाटून टाकलेलं. सासू बिचारी आनंदातच होती, पण इंदुबाई त्या रात्री जेवली नाही. आता रविराज तिशीचा झाला, चाकणला कारखान्यात लागला, तरी ती गोष्ट निघाली की ती तिथून उठून जायची. म्हणून तिने ठरवलं होतं की आपल्या अंगणात असं कुणाचं होऊ द्यायचं नाही. पोर चाललं की ती त्याची दृष्ट काढायची आणि तोंडाला कुलूप लावायची. संध्याकाळी आईने विचारलं, की अजून नाही, पण एकदोन दिवसांत होईल, सुट्टीच्या दिवशी लक्ष ठेवा, असं सांगायची. रविवारी पोर घरी चालायचं. सोमवारी आई पेढे घेऊन यायची आणि इंदुबाई गालाला हात लावून नवल करायची. एकवीस पोरांची पहिली पावलं तिने अशी गिळली होती. संपतला हे पसंत नव्हतं. खोटं ते खोटं, कधीतरी अंगाशी येईल, असं तो म्हणायचा. ती म्हणायची, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

सृष्टी बाविसावी. तिची आई भाग्यश्री यवतमाळची, हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत. बाप योगेश, त्याला त्याच्या कंपनीने आठ महिन्यांसाठी अमेरिकेला धाडलेलं. भाग्यश्रीची बस सकाळी सहा पन्नासला वाघेश्वराच्या देवळापाशी यायची, म्हणून सृष्टी साडेसहालाच झोपेत इंदुबाईच्या खांद्यावर पडायची. रात्री आठला पुन्हा झोपेतच आईच्या खांद्यावर जायची. मधले साडेतेरा तास ती इंदुबाईची.

होळीच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी साडेअकराला, चौदा महिन्यांची सृष्टी एका तांबड्या कोंबडीमागे चार पावलं चालत गेली. संध्याकाळपर्यंत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला लागली. इंदुबाईने दृष्ट काढली आणि भाग्यश्रीला सांगितलं, अजून न्हाय, पर रविवारी लक्ष ठिवा.

सोमवार आला, पेढे आले नाहीत. पुढचा सोमवारही कोरडा. सृष्टी इकडे उंबरा ओलांडायला शिकली, पायरी उतरायला शिकली, आणि तिची आई रोज विचारायची, मावशी, आज काही चालली का? रोज नाही म्हणताना इंदुबाईची जीभ जड व्हायला लागली आणि तिचा राग साडेसहाची वाट न बघता दुपारीच यायला लागला. दोन दिवस पोर घरात असतं आणि हिला दिसत नाही? डोळे आहेत का खाचा? आडून आडून तिने सुचवूनही बघितलं. पायमोजे घालू नका, कडेवर कमी घ्या, जरा खाली सोडा. भाग्यश्री हो हो म्हणायची. पण शनिवारी ती लॅपटॉपसमोर असायची, रविवारी आठवड्याचे कपडे आणि भाजीपाला, आणि दोन्ही दिवस सृष्टी चाकांच्या वॉकरमध्ये नाही तर कडेवर. मध्ये एकदा पोर फरशीवर घसरून हनुवटीला लागलं होतं, तेव्हापासून भाग्यश्री तिला मोकळं सोडायलाच घाबरायची.

असे दोन महिने गेले. कधीतरी एखाद्या संध्याकाळी खरं सांगून टाकायला हवं होतं, हे इंदुबाईला रोज वाटायचं. पण आता सांगायचं तर इतके दिवस का लपवलं तेही सांगावं लागणार. तिने आजचं उद्यावर ढकललं.

मग एका सोमवारी भाग्यश्री आठ वाजता आली ती हातात हॉस्पिटलची फाईल घेऊन. तिचे डोळे सुजलेले होते. जवळच्या डॉक्टरांनी अठरा महिन्यांपर्यंत थांबा म्हणून सांगितलं होतं, पण तिने नेटवर काहीबाही वाचलं, रात्र रात्र झोपली नाही आणि शनिवारी पोरीला घेऊन शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेली. तिथल्या डॉक्टरांनी सृष्टीला गुळगुळीत टेबलावर उभं करून बघितलं. सृष्टीने दोन्ही पाय पोटाशी घेतले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मेंदूची तपासणी लिहून दिली. बुधवारी सकाळी दहाला. एवढंसं पोर मशीनमध्ये स्थिर राहत नाही, म्हणून गुंगीचं इंजेक्शन देणार होते.

गुंगी हा शब्द इंदुबाईने दोनदा विचारून घेतला. आपल्या खोट्यापायी चालत्याबोलत्या पोराला भूल देऊन मशीनमध्ये घालणार. आता गप्प राहणं म्हणजे पाप होतं.

"तिला चालता येतंय, ताई," ती म्हणाली. "दोन महिनं झालं. म्याच तुमाला सांगितलं न्हाय."

भाग्यश्रीला आधी ते कळलंच नाही. इंदुबाईने पहिल्यापासून सगळं सांगितलं, कांद्याच्या लागणीपासून. ते ऐकून भाग्यश्रीने खांद्यावर गाढ झोपलेल्या सृष्टीला तिथेच ओट्यावर उभं केलं. झोपमोड झालेलं पोर किंचाळलं, पाय दुमडून खाली बसलं आणि आईच्या ओढणीला लोंबकळलं. भाग्यश्रीने तिला पुन्हा उभं केलं, ती पुन्हा बसली. इंदुबाई म्हणत राहिली, आत्ता झोपेत आहे, सकाळी बघा. पण भाग्यश्रीच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत चाललेला तिला दिसत होता.

"तुम्ही काय लपवताय, मावशी?" भाग्यश्रीने अगदी हळू आवाजात विचारलं. "पाडलंत का तुम्ही तिला?"

इंदुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षांत एका पोराला ओरखडा आला नव्हता तिच्याकडे. तिने बोलू नये ते बोलून टाकलं.

"पाडलं असतं तरी तुला कळलं असतं का? आठवड्याचं पाच दिस तुजं पोर तू जागं बघितलंयस का?"

भाग्यश्रीने पोर उचललं, फाईल उचलली आणि निघून गेली. मंगळवारी सृष्टी आली नाही. त्या इमारतीत बातमीला लिफ्ट लागत नसे. सकाळी पोरं सोडायला आलेल्या दोन आयांनी उंबऱ्यावरच थांबून, मावशी, सगळं ठीक ना, असं चौकशीच्या सुरात विचारलं. एका आईने पोराची पाठ आणि दंड तिथेच उघडून बघितले. इंदुबाईने ते बघून न बघितल्यासारखं केलं. एकवीस पोरं सुखरूप वाढवली त्याची पत एका संध्याकाळी गेली, आणि यात दोष कुणाला द्यावा तर स्वतःशिवाय कोणी नाही, याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला होता.

दिवसभर तिला अन्न गेलं नाही. संध्याकाळी शेवटचं पोर गेल्यावर ती अनवाणीच निघाली आणि भाग्यश्रीकडे जायला इमारतीच्या फाटकाशी पोचली. तिथे पहारेकऱ्याने वही पुढे केली. कुणाकडे, काय काम, वेळ किती. नाव तिने सांगितलं. कामाच्या रकान्यात त्याने न विचारताच 'कामवाली' लिहिलं. एरवी तिने त्याला उभा चिरला असता. जिथे त्याची खुर्ची होती तिथे एके काळी तिच्या विहिरीची धाव होती, मोट ओढणारे बैल वळायचे. पण आज बाकीचे राग बाजूला ठेवायचे होते.

भाग्यश्रीने दार उघडलं, आत या म्हणाली नाही. आतल्या सोफ्याला धरून सृष्टी बसली होती. इंदुबाईला बघताच ती हसली आणि हात हलवायला लागली. पण उठली नाही. इंदुबाईने न राहवून एक पाऊल आत टाकलं आणि तिचाच पाय सर्रकन घसरला. चौकट धरली म्हणून वाचली. आरशासारखी फरशी होती, खाली बघितलं की आपलंच तोंड दिसावं अशी. इंदुबाईला एकदम उमगलं. सारवलेल्या भुईवर चालायला शिकलेलं पोर या काचेवर पाय ठेवील कशाला? एकदा हनुवटी फुटल्यावर तर मुळीच नाही. ही अक्कल दोन महिन्यांत आपल्याला आली नाही, कारण आपण या घरात कधी आलोच नव्हतो. आणि आईला आली नाही, कारण ती त्या अंगणात दिवसाउजेडी कधी उभीच राहिली नव्हती.

"उद्या जाताना धा मिनटं माज्या अंगणात उतर," ती म्हणाली. "न्हाई चालली तर पोलिसात दे मला."

भाग्यश्रीने दार लावून घेतलं.

बुधवारी साडेआठपर्यंत इंदुबाई ओट्यावर बसून होती. येणार नाही असं ती धरूनच चालली होती. तेवढ्यात फाट्याकडून रिक्षा वळली आणि घरासमोर थांबली. भाग्यश्री उतरली, रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. गुंगीसाठी पोराला सकाळपासून उपाशी ठेवलेलं, त्यामुळे ते किरकिरत होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून इंदुबाई एक शब्दही बोलली नाही. तिने नुसतं अंगणाकडे बोट केलं.

भाग्यश्रीने सृष्टीला खाली ठेवलं. सृष्टीने पायाची बोटं जमिनीवर दाबून बघितली, किरकिर थांबवली, आणि उठून तांबड्या कोंबडीमागे चालायला लागली. धरलं नाही, अडखळली नाही. खुराड्याला वळसा घालून पलीकडे गेली. एखाद्या घरच्या माणसाने फिरावं तशी फिरत होती ती.

"सृष्टी," भाग्यश्रीने हाक मारली. "सृष्टी, बेटा, ये. मम्माकडे ये."

सृष्टी थांबली, वळली, आईकडे बघून हसली. आणि होती तिथेच मटकन खाली बसून तिने दोन्ही हात वर केले.

भाग्यश्रीने पुन्हा हाक मारली. सृष्टीने हात आणखी उंच केले. मग इंदुबाईच्या ध्यानात आलं. या पोराला आई म्हणजे कडेवर घेऊन जाणारं माणूस. सकाळी आणून ठेवते, रात्री उचलून नेते. आईकडे चालत जायचं असतं हे त्याला कधी कळायचं? हा दोष भाग्यश्रीचाही नव्हता. दोष कुणाचा, हे सांगत बसलं तर दिवस पुरला नसता. पहिल्यांदाच त्या रस्त्याला, त्या पत्रकवाल्याला, त्या सहा पन्नासच्या बसला शिव्या द्यायच्या सोडून इंदुबाईला रडावंसं वाटलं, आणि त्याचाही तिला राग आला.

भाग्यश्री सवयीने पुढे झाली आणि वाकली.

"उचलू नको," इंदुबाई ओरडली. "खाली बस. अशीच बस."

भाग्यश्री धुतल्या कपड्यांनिशी शेणाच्या अंगणात मांडी घालून बसली. सृष्टी वाट बघत राहिली. कोणी उचलत नाही म्हटल्यावर उठली, आणि चालत निघाली ती सरळ इंदुबाईकडे. तुरुतुरु, खिदळत, दोन्ही हात पुढे करून. भाग्यश्री नुसती बघत होती. इंदुबाईला तो चेहरा बघवला नाही. ती मागे सरली, घरात गेली आणि तिने दाराला आतून कडी घातली.

आतली पोरं तिच्याकडे बघायला लागली. बाहेर सृष्टी दारावर थापा मारत रडत होती. इंदुबाई दाराला पाठ लावून उभी राहिली. उघडलं तर पोर लगेच बिलगेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तिने उघडलं नाही. रिक्षावाल्याचा हॉर्न वाजला. भाग्यश्रीची हाक ऐकू आली, मग आणखी एक. थापा थांबल्या. खिडकीतून बघता आलं असतं, खिडकी दोन हातांवर होती. इंदुबाई जागची हलली नाही. ते बघायचं तिचं नव्हतं. बऱ्याच वेळाने बाहेर मोठी बाई हुंदके देऊन रडल्याचा आवाज आला आणि त्यात लहान पोराच्या हसण्याचा. रिक्षा वळली ती पुन्हा फाट्याकडे न जाता इमारतीकडे गेली.

हॉस्पिटल टळलं. पण सोमवारपासून सृष्टी आली नाही. इमारतीच्या तळमजल्यावर नवं पाळणाघर निघालं होतं, तिथे भिंतीवर कॅमेरे होते आणि आयांना हापिसात बसून पोर बघता यायचं. भाग्यश्री स्वतः सांगायला आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"मावशी, राग नाही माझा. पण उद्या तुम्ही अजून काही माझ्या भल्यासाठी लपवलंत, तर मला कळणार कसं?"

बोलणं सोळा आणे खरं होतं. दुसऱ्याचं चुकलेलं असतं तर भांडून मोकळी झाली असती. तिने सृष्टीचं दुपटं आणि वाटी-चमचा बांधून दिला आणि दिवसभर पोरांवर डाफरत राहिली. संपत 'मी म्हटलं होतं' असं म्हणायला आला, पण तिचं तोंड बघून आल्या पावली परत गेला.

श्रावणात तिसऱ्या इमारतीतल्या नीरजाचं पोर चाललं. बाविसांनंतरचं ते पहिलंच. इंदुबाईने दृष्ट काढली. त्या दिवशी रस्ता नेहमीपेक्षा तुंबलेला होता, नीरजाला यायला सव्वाआठ झाले. ती धापा टाकत आली, लॅपटॉपची पिशवी खांद्यावरून न काढता तिने विचारलं, मावशी, आज काही?

"चाललं," इंदुबाई म्हणाली. "दुपारी तीनला. पाच पावलं टाकली. पडलं न्हाय."

नीरजा हसली. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. रस्त्यावर हॉर्न वाजत होते. तिने झोपलेल्या पोराच्या पायावरून हात फिरवला, बराच वेळ फिरवत राहिली, आणि मान वर न करता विचारलं,

"कुणाकडे गेला?"

इंदुबाईच्या जिभेवर चिमणी आली होती, कोंबडी आली होती, चेंडू आला होता. सगळं तिने गिळलं.

"माज्याकडं," ती म्हणाली.